गोदाक्काची झोप आणि तांब्याच्या काड्या

या मंडळी, पुढं सरका, मागच्यांना जागा होऊ द्या. आज तुमच्यापुढं एकच प्रश्न ठेवतो. ज्या माणसासाठी आपण जिवाचं रान करतो, त्याला आपण कधी विचारतो का – तुला नक्की काय होतंय? माना डोलवू नका! मान डोलवायला काय लागतं? आधी ऐका.

हे बघा, खांबापाशी बसलेले दादा आत्ताच पेंगायला लागले! अहो, कोपर मारू नका त्यांना. त्यांचं रोजचंच आहे. माझा आवाज चालू तोवर गाढ झोप, आणि मी पाणी प्यायला थांबलो की खाडकन जागे! झोपू द्या.

तर ऐका. यंत्रमागाचं एक गाव. तिथं कोष्टी आळीत धोंडीराम नावाचा माणूस आणि त्याची आई गोदाक्का. घर कसं? पुढं माणसं, मागं माग, मधे एक भिंत. गोदाक्का लग्न होऊन आली तेव्हापासून तिची खाट त्या भिंतीला लागून. पलीकडं मागावर सूत नेणारा धोटा धावतोय – खटखट, खटखट, दिवसरात्र! पाहुणा आला तर कानात कापूस घालून झोपायचा. धोंडीराम लहानपणापासून म्हणायचा, "आई, मी मोठा झालो की तुला या आवाजातनं सोडवीन!"

आणि सोडवलं हो त्यानं! गावाबाहेर शेड बांधली, माग तिकडं नेले. भिंतीला नवा रंग दिला. घर इतकं शांत, की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी! म्हणाला, "आई, जन्मभर सोसलंस. आता निवांत झोप."

"व्हय रं लेकरा," म्हातारी म्हणाली.

पण झोप कुठली! केव्हाही बघावं, तर गोदाक्का खाटेवर उठून बसलेली. डोळे खोल गेले, जेवण तुटलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. धोंडीरामाला घास गोड लागेना.

काय म्हणता? तुम्हाला कळलं? गप्प बसा! धोंडीरामाला कळलं नव्हतं.

कुणीतरी सांगितलं, घराखालच्या जमिनीत दोष असेल. तसे दोष शोधणारे एक साहेब होते, कुलगुडे नावाचे. ते आले. दोन्ही मुठींत तांब्याच्या दोन वाकवलेल्या काड्या, चाल अशी की जणू काचेवरनं चाललेत! पुढचा सोपा झाला, स्वयंपाकघर झालं, आणि गोदाक्काच्या खाटेपाशी काड्या फिरल्या – एकीवर एक, फुली!

"इथं!" कुलगुडे म्हणाले. "खाली पाण्याचे दोन झरे एकमेकांना छेदतायत. तिथनं वाईट किरण वर येतात. यांची झोप त्यांनीच खाल्ली!"

बघा मंडळी! विहीर खणायला गेलं तर गावात थेंब लागत नाही, आणि म्हातारीच्या खाटेखाली दोन-दोन झरे! पण कुलगुडे लबाड नव्हते हो. त्यांचा त्या काड्यांवर मनापासून विश्वास होता. लबाड परवडला, त्याला कुठं थांबायचं ते तरी ठाऊक असतं!

गोदाक्का सगळं बघत होती. हळूच म्हणाली, "सायेब, तुमच्या काड्यांस्नी ऐकू येतं का वो?"

सगळे हसले. कुलगुडे हसले. धोंडीरामही हसला – "काय बोलतीस गं आई!"

खाट हलली. किरण अडवायला खोलीच्या कोपऱ्यांत तांब्याचे खिळे ठोकले. झोप आली नाही. पुन्हा काड्या, पुन्हा फुली, पुन्हा खाट हलली! शेवटी कुलगुडे म्हणाले, "जमिनीपासनं वर न्या." मग गोदाक्का गेली माडीवर. तिथं तर रस्त्याचाही आवाज पोचत नव्हता.

खंडेनवमी आली. मागांची पूजा शेडमध्ये. धोंडीरामानं आईला हाताला धरून नेलं, सुताच्या पोत्यावर बसवलं. नारळ फुटला, माग सुरू झाले – खटखट, खटखट! धोंडीराम प्रसाद घेऊन वळतो तर काय? म्हातारी पोत्याला टेकून झोपलेली! तोंड उघडं, हात सैल. लहान पोरासारखी!

आणि त्यानं काय केलं माहीत आहे? हलवून उठवलं! "आई, ऊठ ऊठ, या गोंगाटात तुला त्रास होईल. घरी चल, निवांत पड."

गोदाक्कानं डोळे उघडले. एकदा मागांकडं बघितलं, एकदा लेकाकडं. "चल," म्हणाली.

थंडी सरायच्या आत ती गेली.

आता झोप गेली धोंडीरामाची. कुलगुडे भेटायला आले, चुकचुकले. "खिळा कुठंतरी हलला असेल, पुन्हा बघू या." धोंडीरामानं त्यांना दारापर्यंत पोचवलं. एका दुपारी शेडमध्ये त्याच पोत्यावर जाऊन बसला. समोर धोटे धावत होते. कधी डोळा लागला, कळलं नाही. आणि तेवढ्यात – वीज गेली! माग थांबले, शेड गपगार. आणि धोंडीराम खाडकन जागा झाला!

कशानं जागा झाला? आवाजानं? नाही हो! आवाज गेल्यानं!

उठून तडक घरी आला. त्या रंगवलेल्या भिंतीला कान लावून उभा राहिला. पलीकडं काहीच नव्हतं. "आई," म्हणाला, "तू बोलली का नाहीस गं?"

अहो, बोलली होती की! काड्यांना ऐकू येतं का, असं साहेबांना विचारलं होतं तिनं, लेकाला ऐकू यावं म्हणून. सरळ कशी सांगणार? त्यानं इतक्या मायेनं घर शांत केलेलं, ते तिच्यानं मोडवेना. आणि त्यानं जमिनीला विचारलं, काड्यांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. खाटेवर तिच्या शेजारी बसून तिला तेवढं विचारलं नाही.

ते खिळे अजून त्या कोपऱ्यांत आहेत. धोंडीराम काढू देत नाही कुणाला.

मंडळी, तुमच्या घरातही कुणीतरी जागं आहे. त्याच्यासाठी तुम्ही पुष्कळ करता, मला ठाऊक आहे. आज जाऊन नुसतं शेजारी बसा. विचारा. आणि विचारल्यावर लगेच उठू नका. उत्तर वाकड्या वाटेनं येतं.

आता मी थांबतो. थांबलो की खांबापाशी आपले दादा जागे होतील. आपण इतके दिवस त्यांना हसलो, मीही हसलो. जवळ बसलाय त्यानं जरा खांद्यावर हात ठेवा आणि विचारा – दादा, घरी झोप लागत नाही का हो?