शेजारच्या मक्याचे तुरे

नाही मास्तर, बसत नाही मी, बसले की उठवायला दोन माणसं लागतात — तुरे म्हणतेय मी, तुरे! कणसं राहू देत तुमची, वरचे तुरे तेवढे कापा, आजच. मधली भिंत ती केवढी, माझ्या कमरेएवढी, तिच्यावरून तुमच्या तुऱ्यांची पिवळी भुकटी उडते ती थेट माझ्या लाल मक्याच्या कणसांच्या केसांवर. मग काय होतं? दाणा दिसायला लालच दिसतो, आणि पुढच्या वर्षी पेरला की निघतं तुमचं पाकिटातलं गोडमिट्ट वाण! पस्तीस वर्षं शिकवलंत ना पोरांना, हे नाही शिकवलंत? — हो हो, नातीसाठी लावलाय, ठाऊक आहे मला. तुमची कणसं माझ्या तुऱ्यांच्या भुकटीवर भरतील की. कमी गोड लागतील, लागू देत, पोरगी चार दिवस तोंड फुगवेल. माझी धाकटी बावीस वर्षं फुगवून बसली.

पिशव्या? घातल्या ना! कागदाच्या, एकेका कणसाला. परवाच्या वाऱ्यात उडाल्या सगळ्या, दोन तर तुमच्याच दारात पडल्या, तुम्ही कचऱ्यात टाकल्यात — पाहिलं मी. पुन्हा बांधायला गेले तर हात हे असे थरथरतात, एक कणीस मोडूनच हातात आलं. सातच झाडं आहेत हो माझी.

एवढं काय त्या बियांत, असंच ना? सासूबाईंचं बी ते. त्यांनी मला दिलं, मी — मी नाही दिलं. धाकटी आपल्या मनाच्या माणसाबरोबर निघाली, तेव्हा दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "आई, मूठभर बी दे, तिकडे अंगण आहे." भांडी मागितली असती तर दिली असती. मी म्हटलं, तुझ्या हातात काही टिकत नाही. गेलं तोंडातून. आणि यंदा उन्हाळ्यात फोन — "आई, ते लाल बी आहे का गं अजून?" मी म्हटलं, आहे की, बरणीभर! कसलं बरणीभर? कंबर मोडल्यापासून चार वर्षं पेरलंच नव्हतं, झाकण काढलं तर किडे आणि पीठ. भिंग लावून तीस दाणे निवडले, सात उगवले. कणसं वाळली की येणार आहे ती. तिच्या ओंजळीत काय घालू, तुमचं पाकीट? पेरेल, उगवेल, आणि म्हणेल — म्हातारीने अजूनही नाहीच दिलं.

तिकडे काय बघताय? हो, कोपऱ्यातले ते चार तुरे कापलेत. उंदीर नाही, मीच. काल तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा, स्टुलावर चढून, या असल्या कमरेने. पाचव्याला हात पोचेना. पोचला असता तर आले असते का तुमच्या दारात?

मग, कापताय ना बाकीचे? — नातीला विचारून संध्याकाळी सांगता? संध्याकाळपर्यंत वारा थांबून राहणार आहे का, मास्तर? बरं. जा तुम्ही आत, चहा निवतोय तुमचा. ती दोरीवरची चादर तेवढी द्या इकडे. वाऱ्याला आडवी धरून भिंतीशी उभी राहते मी.