तीस हजार एकतीस

नाही, पण मी म्हणते, माणसाच्या मनगटाला नंबर बांधायचा तर साधा बांधावा ना हो! गोल, गुळगुळीत, तीस हजार! पण नाही. आमच्या बाबांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, परवा न्हाणीघरात घसरले, डोकं आपटलं, आणि हॉस्पिटलने त्यांच्या हाताला पट्टी बांधली ती तीस हजार एकतीसची! डोळे उघडले ते थेट त्या पट्टीवर. आम्ही सगळे पलंगाभोवती उभे, पण आमच्याकडे बघतंय कोण? नंबराचं सगळं कळतंय हो, माणसांचं काय?

डॉक्टर आले. तरुण, घाईतले. "आजोबा, तुमचं नाव काय?"

"तीस हजार एकतीस. विषम."

"बरं, आज वार कोणता?"

"दोनाने भागा, एक उरतो. तिनाने भागा, एक उरतो. पाच, सात, अकरा, तेरा… दर वेळी एकच! मग माणूस फसतो. म्हणतो, मूळ संख्या. डोंबलाची मूळ! संयुक्त आहे, संयुक्त!"

झालं! आमच्या आत्याने ऐकला फक्त शेवटचा शब्द. लगेच हुंदका, "संयुक्तच होतं रे दादा घर, आम्हीच वेगळे निघालो!" तुम्हाला सांगते, हसावं की रडावं…

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आत रक्त साकळलंय. असंच असंबद्ध बोलत राहिले तर कवटी उघडावी लागेल." कवटी! डबा आहे का तो? म्हटलं, "पण डॉक्टर, असंबद्ध कशावरून? खरं असलं तर? भागून बघा ना!"

तेवढ्यात पलंगावरून आवाज, अगदी वर्गातला, "एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ! आणखी एक मूळ अवयव काढून दाखवा, निघायचा नाही! एक, एकोणसाठ, पाचशे नऊ, बेरीज किती? पाचशे एकोणसत्तर! कुठे ही बेरीज, कुठे तीस हजार एकतीस! अवयवांची बेरीज संख्येपेक्षा कमी, म्हणून न्यून संख्या!"

"अगं बाई, स्वतःला न्यून म्हणतोय!" पुन्हा आत्या.

डॉक्टरांनी मोबाइल काढला. गुणलं. पुन्हा गुणलं. आयुष्यात गुणाकाराची एवढी धास्ती मी कधी घेतली नव्हती! "बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले, "डोकं चालतंय. ऑपरेशन तूर्त नको, लक्ष ठेवू." पण नंबराचं सगळं कळलं हो, माणसांचं काय?

तेच डॉक्टरांनाही सुचलं. माझ्याकडे बोट करून विचारलं, "आजोबा, या कोण?"

बाबांनी पहिल्यांदा पट्टीवरून नजर काढली. माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं…

"नाव नाही आठवत. पण मुलगी चांगली आहे. फार चांगली."

अख्ख्या जन्मात बाबांच्या तोंडून माझ्यासाठी 'चांगली' हा शब्द निघाला नव्हता… निघाला, तो मी कोण हे विसरल्यावर!