अंगठा उमटेना

...नाही, पण मी काय म्हणतो, काळजी घ्यायला माझी ना नाही. साथ होती, माणसं पटापट आजारी पडत होती, सगळं मान्य. पण म्हणून माणसाचा अंगठाच झिजवायचा? तुम्हाला सांगतो, घर विकायला काय लागतं... गिऱ्हाईक लागतं, कागद लागतात आणि शेवटी मशीनवर अंगठा लागतो. गिऱ्हाईक होतं, कागद होते, अंगठा मात्र आमच्या हिनं धुऊन धुऊन पार संपवला होता.

त्याचं काय झालं, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि माझी प्रकृती तोळामासा. दोन जिने चढलो की तिसऱ्याच्या पायथ्याशी बैठक मारायची. तेव्हा ते विकून लेकीच्या शेजारचं तळमजल्याचं घर घ्यायचं ठरलं. आमचं घर घेणारं जोडपं तरुण, त्यांचं कर्ज मंजूर, पण त्याची मुदत नेमकी त्याच दिवशी संपणार. म्हणजे नोंदणी कचेरी बंद व्हायच्या आत सह्या-अंगठे झाले नाहीत की व्यवहार बोंबलला आणि मी जन्मभर तिसऱ्या मजल्यावर.

कचेरीवाल्यांनी व्यवस्था चोख केली होती हो. आत कोणी यायचंच नाही. आवारात टेबल, टेबलावर काच, काचेमागे कारकून, आणि आम्ही सगळे आपापल्या गाडीत. एजंटानं लांबून हात केला की एकानं जायचं, आपल्याच पेनानं सही ठोकायची, मशीनवर अंगठा टेकवायचा, परत गाडीत. ते दोघं गेले, आले. ही गेली, आली, पहिल्या झटक्यात! का नाही येणार, बाई कित्येक महिने रबरी हातमोज्यांत. सॅनिटायझरची फवारणी सगळी माझ्यावर. भाजी आणली, फवार. दार उघडलं, फवार. नुसता शिंकलो, फवार. काळजी घ्यायला माझी ना नाही, पण...

मग मी गेलो. अंगठा ठेवला. मशीन म्हणतंय, पुन्हा प्रयत्न करा. डावा ठेवला, पुन्हा प्रयत्न करा. कारकून काचेमागून, "काका, जरा दाबून." दाबला. "अहो, इतका नको." सैल सोडला. "काका, तुमच्या अंगठ्यावर रेषाच नाहीत हो, नुसता गुळगुळीत." आता रेषा काय घरून डब्यात घालून आणू? "जरा गाडीत बसा, हात वाळू द्या, मग या."

गाडीत बसतोय तोच ही बाटली घेऊन तयार. "अहो, त्या मशीनला गावभरच्या लोकांनी हात लावलाय, करा हात पुढे." केला. सवय हो! परत गेलो, तर आधीपेक्षा गुळगुळीत. पुन्हा गाडी, पुन्हा बाटली, पुन्हा मशीन... कारकून रडकुंडीला आला. "काका, मधल्या वेळात तुम्ही गाडीत करता तरी काय?" म्हटलं, निर्जंतुक होतो.

तिकडे एजंट मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागला. समोरच्या गाडीतली ती घेणारी पोरगी काचेला टेकून माझ्याकडे बघतेय, मास्कमुळे नुसते डोळे दिसतायत, पण भरलेले. खरं सांगतो, गाडीचं दार धरून मी तिथंच खाली बसलो. साथीला नाही, त्या तीन जिन्यांना घाबरून.

हिनं ते पाहिलं. काय मनात आलं कुणास ठाऊक, बाटली खाली ठेवली, हातमोजे काढले, पर्समधलं थंडीत लावायचं क्रीम काढलं आणि माझा अंगठा दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागली. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला काही झालं असतं तर मी एकटीनं काय केलं असतं?" बास, एवढंच. कित्येक महिन्यांनी तिचा हात हाताला लागला हो... मला भरूनच आलं.

रुमालाला क्रीम पुसलं, गेलो, टेकवला. टुण्‌ वाजलं. कारकून काचेमागे उभा राहून टाळ्या वाजवतोय, एजंट कपाळ पुसतोय आणि ती पोरगी गाडीतल्या गाडीत नवऱ्याला बदडतेय. सुटलो एकदाचा.

पुढे दोन आठवडे ही रोज माझा ताप बघत होती. काही झालं नाही, ना आम्हाला, ना त्या पोरांना. आता तळमजल्यावर राहतो, दम लागत नाही, नात येता-जाता डोकावते, सुखात आहे. फक्त जावयानं हौसेनं दाराला नवं कुलूप बसवून दिलंय. किल्ल्या हातोहात फिरायला नकोत, म्हणाला. त्याच्याही काळजीला माझी ना नाही. अंगठा टेकवला की दार उघडतं. हिला उघडतं, लेकीला उघडतं, शेंबड्या नातीलासुद्धा उघडतं... मी आपला बेल वाजवतो आणि कोणी येईपर्यंत पायरीवर बसून राहतो.