चौथ्याच्या डोक्यात हवा

...नाही, पण मी म्हणतो, बोलायची काही रीत असते की नाही? सख्खी मोठी वहिनी! लग्न होऊन आली तेव्हा माझ्या बुटांच्या नाड्या बांधायची, आणि तिने घरच्या ग्रुपवर असा निरोप टाकावा? लिहून नाही हं, स्वतःच्या आवाजात! काय, तर, "चौथ्याच्या डोक्यात हवा जातेय. बाकीचे तिघं उपाशी. असंच चालू ठेवलं तर रविवारी चौथा जळणार, आणि सगळ्यांना घेऊन बसणार!"

आता तुम्हाला सांगतो, आम्ही भाऊ किती? चार. त्यात मी कितवा? ...बघा! तुम्हालासुद्धा लगेच कळलं!

मी हबकलोच. चहाचा कप तोंडाशी तसाच. आणि आईने तो निरोप लावला होता मोठ्या आवाजात, तिला कमी ऐकू येतं ना, त्यामुळे शेजारची खिडकीसुद्धा उघडली! "अगं बाई, माझं लेकरू काय म्हणून जळेल? आणि तिघं उपाशी कसे? सकाळी तर पोटभर जेवलेत!" मी तसाच चप्पल घालून निघालो, डावी उजव्यात, उजवी डाव्यात, ते दारात पोचल्यावर कळलं.

वहिनी कुठे? मागच्या शेडमध्ये. तिचं व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि बाईने काय करावं? चार जुन्या क्लीनरच्या मोटारी एका लाकडी खोक्यात ठोकून हवा मोजायचं यंत्र बनवलंय! चालू केलं की विमान अंगणात उतरल्यासारखा आवाज. मी ओरडतोय, "वहिनी, माझ्या डोक्यात हवा?" ती ओरडतेय, "काय हवं?" मी म्हटलं, "हवं नाही, हवा!" "चहा? नको, आत्ताच झाला!" शेवटी मी प्लगच उपटला.

"अहो भावजी, तुमच्या नाही हो! इंजिनाच्या! चौथ्या सिलिंडरच्या हेडमध्ये!"

हुश्श केलं मी. पण थांबा, इथेच तर खरी गंमत आहे. म्हणजे माझी गंमत झाली.

आमच्या बाबांची जुनी गाडी आहे. रविवारी टेकडीवर चढाची शर्यत. आणि गाडी चालवायला बाबांनी कुणाला निवडलं? मला! तीन थोरले समोर उभे असताना! दादा नुसता "बरं" म्हणाला आणि पाना पुसत बसला. आता शेंडेफळ म्हटल्यावर लाड व्हायचेच, माझा काय दोष? मीही जीव लावला हो. इंजिनाच्या तोंडाशी तो मॅनिफोल्ड बसतो ना, एकीकडून हवा आत घेतो आणि चार नळ्यांतून चार सिलिंडरना वाटतो, तो नवा आणला. लालभडक! आरशासारखा! दुकानदार म्हणाला, "साहेब, एकूण हवा बघा, एकूण! कंपनीच्या जुन्या मॅनिफोल्डपेक्षा कितीतरी जास्त!" वहिनीने दुसराच आणला. काळा, खरबरीत, करपलेल्या तव्यासारखा. मी हसलो त्याला. खो खो हसलो.

"हसा," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर लाल मॅनिफोल्ड यंत्राला लावला. तीन नळ्या चिकटपट्टीने बंद, एक उघडी. मोटारी सुरू. समोर काचेच्या नळीत निळं पाणी, जेवढी हवा जास्त, तेवढं पाणी वर. पहिला... जेमतेम. दुसरा... तसाच. तिसरा... तोही तसाच. आणि चौथा? अहो, पाणी असं चढलं, असं चढलं, की नळीच्या तोंडातून उडून माझ्या शर्टावर!

मी म्हटलं, पट्टी नीट लागली नसेल. लावली परत. म्हटलं, कुठून तरी गळत असेल. साबणाचा फेस लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. म्हटलं, वहिनी, तुमच्या यंत्राचंच माझ्याशी वाकडं आहे. तिने तो काळा तवा लावला. एक, दोन, तीन, चार... पाणी चारही वेळा एकाच रेघेवर! एकूण हवा लालपेक्षा कमी, कबूल, पण चौघांना सारखी. माझे डोळे पांढरे झाले!

"पण जास्त हवा मिळाली तर चांगलंच ना?" मी म्हटलं, आवाज आपला बारीक.

"हवा जास्त, पण पेट्रोल चौघांना मोजून सारखंच. मग चौथ्याच्या घरात आच भलतीच वाढते. ऐन चढावर पिस्टनला भोक! ज्याच्या डोक्यात हवा जास्त, तो आधी जळतो, भावजी."

तेवढ्यात आई धापा टाकत आली. "चौथा सिलिंडर? अगं, आपल्या स्वयंपाकघरात तर दोनच आहेत!" आणि तिच्यामागे बाबा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. लाल मॅनिफोल्डवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे तिघांनी कमी हवेत राबायचं, एकाच्या डोक्यात सगळी हवा, आणि इंजिन बसणार ते त्याच्याचमुळे?"

"हो, बाबा," वहिनी म्हणाली.

आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे का? मॅनिफोल्ड तिकडे आहे ना! मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला. कारण मला एकदम दादा आठवला, तो पाना पुसताना. कोरडाच होता तो पाना. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतंच.

"काळा बसवा," बाबा म्हणाले. "आणि चालवायला तिघं आळीपाळीने बसतील."

"अहो पण बाबा, आम्ही चौघं! आणि शर्यतीच्या फेऱ्या तीनच!"

"हो ना. उपाशीही तिघंच आहेत."

मला धक्का बसला म्हणजे किती! मी विचारलं, "मग मी काय करू?"

बाबा म्हणाले, "तुला हवेची एवढी आवड आहे, टायरमध्ये भर."

म्हणून तर आज शर्यतीच्या दिवशी सकाळपासून इथे चाकापाशी उकिडवा बसलोय, ती व्हॉल्व्हची टोपी द्या जरा इकडे. दादा बघा कसा हेल्मेट घालून बसलाय, इतका हसताना मी त्याला कधी बघितला नव्हता. आणि मागे वहिनी उभी, प्रेशर मोजायचं मीटर हातात घेऊन...

"भावजी, चारही चाकांत सारखी हं!"

भरतोय हो वहिनी, भरतोय! चौथ्यात एक फुंकर जास्त नाही!