कोऱ्या पानाचा लेख

मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीपुढची रांग हलायचं नाव घेत नव्हती. पुढच्या दोघांचं बोलणं मागे उभ्या असलेल्या एका शिंप्याच्या कानावर पडत होतं. बाईचे वडील नुकतेच गेले होते, आणि सोबतचे काका वडिलांच्या मासिकातले जुने सहकारी होते.

"अगं, स्मृतिअंकासाठी मंत्र्यांचा लेख आलाय."

"कुणाचा? बाबांना तुरुंगात धाडणाऱ्याचा?"

"तेव्हा ते साधे अधिकारी होते. सरकारतर्फे छापण्याआधी मजकूर तपासायचे."

"तपासायचे? काका, तुमच्यादेखत त्याने बाबांचा अख्खा अग्रलेख कापला!"

"आणि तुझ्या बाबांनी ते पान तसंच कोरं छापलं. आठ महिने आत काढले, पण अंक हातोहात खपला."

"आता काय लिहितोय?"

"'माझे परमस्नेही. निर्भीड लेखणी.' बराच गळा काढलाय."

"लाज कशी वाटत नाही! ज्याने जीभ छाटली, तोच म्हणतोय आवाज काय गोड होता!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

"नाही छापला तर मासिकाच्या मुळावर उठतील गं. पंचवीस वर्षं रक्त आटवलंय तुझ्या बाबांनी त्यासाठी."

"छापू नका असं कोण म्हणतंय? पहिल्याच पानावर छापा. वर त्याचा फोटो, तळाला ठळक अक्षरांत नाव."

"आणि मधे?"

"मधे काही नाही."



"अख्खं पान?"

"अख्खं."

खिडकी उघडली. रांग सरकली, पण शिंपी जागचा हलला नाही.

"ताई," तो म्हणाला, "हा अंक कुठे मिळेल?"