वेदीच्या कापडाचा कोपरा

...अर्धं बोट! डावीकडे अर्धं बोट जास्त लोंबतंय म्हणे! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं शिंपीकाम केलं मी, लोकांच्या पोटांचे घेर नुसत्या नजरेनं मोजले, कुणी हूं की चूं केलं नाही, आणि इथे चर्चमध्ये, शनिवारी सकाळी, फुकटात राबतोय, तर हेडबाई फूटपट्टी घेऊन वेदीपाशी गुडघे टेकून बसलेल्या! प्रार्थनेला नाही हो, कापड मोजायला! हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली, पट्टी काही सुटली नाही.

आणि वर म्हणे, सोपं काम आहे!

आम्ही तिघंच. हेडबाई, एक निवृत्त पोस्टमन आणि मी. रविवारच्या उपासनेसाठी वेदी सजवायची, मेणबत्त्या बदलायच्या, फुलं लावायची. मी फुलं लावली, शिंप्याच्या हातानं, अगदी सारख्या अंतरावर... तर बाई म्हणतात, "हा गुच्छ आहे की कवायत?" पोस्टमन पितळेचे दिवे घासतो. "यात तोंड दिसलं पाहिजे!" म्हणतो. दिसतं ना! त्याचंही दिसतं, माझंही दिसतं, दोघंही दचकतो!

मुळात हे काम माझं नव्हेच. माझ्या बायकोचं. सव्वीस वर्षं, दर शनिवारी. मी तिला स्कूटरवरून आणायचो आणि बाहेर उभा राहून हॉर्न वाजवायचो. "अगं, झालं की नाही?" ती दारातून हात हलवायची. "आत या की जरा! हातभार लावा, सोपं काम आहे." सव्वीस वर्षं बोलवत होती. गेलो का मी एकदा तरी? छे! "दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणायचो. कसलं गिऱ्हाईक न् कसलं काय... समोरच्या टपरीवर चहा प्यायचो!

गेल्या वर्षी ती गेली. महिनाभरानं हेडबाई दारात. "तिची जागा रिकामी आहे." मी म्हटलं, "बाई, इथेही रिकामीच आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग शनिवारी आठला या. सोपं काम आहे."

बरं, गेल्या शनिवारी काय झालं... वेदीचं कापड इस्त्रीला घेतलं. पाणी शिंपडलं, काठ सरळ केला, कायम मागे दुमडलेला असायचा तो कोपरा पहिल्यांदाच उलगडला, आणि हात थांबला. तिथे रफू! बोटभर. आणि असलं रफू? एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला! मी ओरडलोच, "कुणी केलं हे? कुठल्या गाढवानं?"

पोस्टमन दिव्यात तोंड लपवून बसला. हेडबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरच्यांनी."

अहो, तिनं कधी सुई धरली नव्हती! घरातलं बटणसुद्धा मीच लावायचो!

"मेणबत्ती कलंडली, भोक पडलं," बाई सांगायला लागल्या. "मी म्हटलं, मिस्टरांकडे द्या, दोन मिनिटांचं काम. तर म्हणाली, नको, त्यांना वेळ कुठे असतो!"

वेळ कुठे असतो! अहो, मी बाहेर उभा होतो! वीस पावलांवर! हॉर्न वाजवत!

...असो.

तेवढ्यात बाईंनी पिशवीतून नवंकोरं कापड काढलं. "कुणीतरी भेट दिलंय. याला इस्त्री लागत नाही. जुनं आता पुसायला." पोस्टमननं लगेच हात घातला, "वा, पितळेला मऊ आहे!" मी दुसरं टोक धरलं. तो ओढतोय, मी ओढतोय, दोन म्हातारे, देवाच्या दारात! बाई कडाडल्या, "सोडा दोघंही!" सोडलं. शाळेतल्यासारखं.

"एवढा जीव असेल, तर उसवा ते टाके आणि नीट करा. शिंपी ना तुम्ही?"

कात्री घेतली. पहिल्या टाक्याखाली टोक सरकवलं... चाळीस वर्षांत किती उसवलं असेल मी, पण हात चालेना. बाई बघत होत्या. मग म्हणाल्या, "सुईत दोरा मी ओवून दिला होता तिला. चारदा बोटाला टोचून घेतलं तिनं." बाईंनी नवं कापड माझ्याकडे सरकवलं. "नव्याच्या खाली अंथरा हे. कोपरा बाकांच्या बाजूला ठेवा."

रविवारी मी पहिल्या बाकावर बसलो. पाळकसाहेब काय बोलले, देव जाणे. मी आपला त्या कोपऱ्याकडे बघत बसलो. वरून काही दिसत नाही हो. पण बघत बसलो.

या शनिवारी हेडबाई पुन्हा पट्टी घेऊन हजर. "खालच्याला एक जरी सुरकुती असली, तरी वर उमटते. आणि हे नवंही काही म्हणावं तसं बसत नाही." म्हणजे बघा, इस्त्री न लागणारं कापड आलं, आणि तेव्हापासून माझी इस्त्री दुप्पट झाली!