बाहीची खूण

नाही, नाही, बसा की — जागा रिकामीच आहे, फक्त पाय जपून टाका, ती फळी वाजते. गारठलात ना? गारठणारच. पण हे पाहुणे पक्षी थंडीतच येतात, त्यांना काय सांगणार, उन्हाळ्यात या म्हणून?

तुम्ही बसलात ना, तिथं माझा धाकटा भाऊ बसायचा. आम्ही दोघंही न्हावी — एकच दुकान, शेजारशेजारच्या खुर्च्या. दिवसभर कात्रीपेक्षा त्याच्या तोंडाचाच पट्टा जास्त चालायचा. इथं लपणात, पक्ष्यांसाठी दबा धरून बसल्यावर मात्र चकार शब्द काढायचा नाही, हा माझा नियम. मग आम्ही बाहीवर ठरवलं — एकदा ओढली की पक्षी डावीकडे, दोनदा ओढली की उजवीकडे. नजर त्याची, कॅमेरा माझा.

गेल्या हिवाळ्यात, अशीच सकाळ — त्यानं दोनदा ओढली. मी उजवीकडे वळलो, आणि कैकर! पाण्यात पंजे घालून मासा उचलताना! नऊ वर्षं मागावर होतो मी त्याच्या. बटण दाबून धरलं — आणि यानं परत ओढली. तिसऱ्यांदा. आता तिसऱ्यांदाचं आमचं काही ठरलेलंच नव्हतं. वाटलं, झाला उतावीळ. मी हात झटकला. मग बसला गप्प. कैकर निघून गेला, तेव्हा मी भावाकडे न बघताच म्हणालो, शाबास रे, शिकलास एकदाचा गप्प बसायला.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, काही उपयोग झाला नसता. सगळ्यांनाच म्हणत असतील तसं. भावजयीनं विचारलं, दादा, शेवटी काही बोलले का हो ते? म्हटलं, पक्षी दाखवला त्यानं. खोटं नाही ते. तिनं तो फोटो बाहेरच्या खोलीत लावलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते — ह्यांनी दाखवलेला. तिसऱ्यांदाचं तिला नाही सांगितलं मी. तुम्हाला का सांगत बसलोय, कुणास ठाऊक. लोक म्हणतात, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा — काही वाटतच नाही. त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवतो, गिऱ्हाईक बसू नये म्हणून. एवढंच.

माझा कॅमेरा? आणत नाही आता. नुसता येऊन बसतो.

उजाडलं बघा. लावा डोळा तुम्ही, माझ्याकडे नका बघू. आणि हे पाहा — छातीत, पोटात, कुठं काही झालंच, तर मोठ्यानं ओरडा. पक्षी उडाले तर उडाले. — बस्स, आता बोलू नका.